सुतार दाणे खात नाही

परसात पक्षी यावेत म्हणून आपण करून करून काय करतो? मूठभर ज्वारी, तांदळाची कणी, उन्हाळा लागला की मातीच्या पसरट भांड्यात पाणी. चिमण्या येतात, होले येतात, साळुंक्या भांडायला म्हणूनच येतात, बुलबुल पाण्यात डुबकी मारून पंख झाडून जातो. अमरावतीच्या कॅम्प भागात, बडनेऱ्यात, अकोल्याच्या ज्या वस्त्यांत घरामागे चार झाडांची जागा अजून टिकून आहे तिथे, हा पाहुणचार बारमाही चालतो. आणि अशा घरातलं कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतं, ‘‘आमच्या लिंबावर सुतार येते भाऊ. रोज येते. पण दाण्याले तोंड नाही लावत. त्याच्यासाठी काय ठेवावं?’’

काही ठेवू नका, आणि झाडावर जे आहे ते काढू नका. उत्तर इतकंच आहे. ते ऐकून माणसं हिरमुसतात. दारी आलेल्या पाहुण्याला काहीच वाढायचं नाही म्हणजे काय! मीही हिरमुसलो होतो आणि कुणाचं न ऐकता एक उद्योग करून बसलो होतो.

झालं असं की, न्यू जर्सीत राहणाऱ्या भाचीने तिच्या घरामागचा फोटो पाठवला. तारेचा छोटा पिंजरा, त्यात पांढरट वडी, आणि वडीला उलटा लटकलेला काळा-पांढरा सुतार, चेहऱ्यावर अगदी जावयाचा भाव. ती वडी गुराच्या चरबीची. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतं, सालीखालच्या अळ्या शोधण्यात पक्ष्याचा दिवस जातो, अशा वेळी चरबीचा एक घास म्हणजे मोठी कमाई. डाउनी आणि हेअरी या नावांचे तिथले सुतार अशा वड्यांना चांगले सरावले आहेत. मी म्हटलं, आपणही करू. चरबी कोण आणणार. मी वनस्पती तूप, दाण्याचा कूट आणि ज्वारीचं पीठ मळून लाडू केला, करवंटीत दाबला आणि लिंबाला टांगला. महिना मार्च. अकरापर्यंत लाडू शाबूत होता. दोनच्या सुमाराला करवंटीतून तूप ठिबकायला लागलं, तीनला मुंग्यांची रांग लागली, आणि संध्याकाळी खारीने करवंटी पालथी करून विषय संपवला. सुतार त्या दिवशी आला नाही असं नाही. करवंटीच्या दोन हात वर, वाळक्या फांदीवर, पाच मिनिटं ठोकठोक करून आपल्या वाटेने गेला.

नंतर वाचताना कळलं की, अमेरिकेतही उन्हाळ्यात अशा वड्या काढून ठेवायला सांगतात. चरबी पाघळते, खवट होते आणि पक्ष्याच्या पिसांना चिकटते. चिकटलेली पिसं ना ऊब धरत, ना पाणी अडवत. वऱ्हाडात तर एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. इथे ही वडी टांगणं म्हणजे पक्ष्याला तेल चोपडणं.

सुताराचं पोट कशावर चालतं ते एकदा नीट बघितलं की दाण्याचा नाद आपोआप सुटतो. आपल्याकडे सर्रास दिसणारा सोनपाठी सुतार मुख्यतः मुंग्या-मुंगळ्यांवर जगतो. जोडीला सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि इतर किडे. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलली की फुलातला मध प्यायला साळुंक्या-कोतवालांच्या गर्दीत घुसतो, तेवढीच चैन. मुंग्यांसाठी लागणारं हत्यार म्हणजे त्याची जीभ. लांब, चिकट आणि टोकाला मागे वळलेली बारीक कुसळं. एवढी जीभ ठेवायला चोचीत जागा पुरत नाही. तिला आधार देणारी बारीक, लवचीक हाडं जबड्याखालून मागे जातात, कवटीला वळसा घालून वर चढतात आणि डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत येतात; विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळलेला असावा तशी. बिळात जीभ सोडायची तेव्हा हा दोर सुटतो. असं हत्यार बाळगणाऱ्याने ताटातली ज्वारी टिपत बसावं, ही अपेक्षाच चूक.

आता आपल्या परसात येणारा सुतार कोणता, ते बघू. वऱ्हाडातल्या गावांत आणि शहरांत तिघांशी गाठ पडते. पहिला सोनपाठी. साळुंकीपेक्षा मोठा, २६ ते २९ सेंटिमीटर. पाठ सोनेरी पिवळी, कंबर काळी, काळ्या गळ्यावर पांढरे ठिपके. नराचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल. मादीचा मागचा तुरा तेवढा लाल. कपाळ काळं आणि त्यावर राई पेरावी तसे पांढरे ठिपके. ओरडतो तो खिदळल्यासारखा, एका दमात, चढ्या सुरात. दिसण्याआधी बहुतेक वेळा ऐकूच येतो.

दुसरा मराठा सुतार. याच्या नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही. जॉन लॅथम हा इंग्लंडमधला डॉक्टर आणि पक्षिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानात कधी आला नाही. जमा झालेल्या कातड्या आणि चित्रं बघून तो पक्ष्यांची वर्णनं लिहायचा. १८०१ मध्ये त्याने या पक्ष्याला ‘महरॅटेन्सिस’ असं शास्त्रीय नाव दिलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. पुढे दोनच वर्षांनी, २९ नोव्हेंबर १८०३ ला, आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीपुढे हरली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि लगेच देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. राज्याची सरहद्द अशी सरकत राहिली. पक्ष्याचं नाव मात्र कुणी बदललं नाही. हा सुतार पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत सापडतो, आणि व्हिएतनाममधल्या रानात ठोकणारासुद्धा शास्त्राच्या दप्तरी मराठाच.

दिसायला तो सोनपाठीइतका भपकेबाज नाही. बुलबुलापेक्षा थोडा लहान, साधारण १८ सेंटिमीटर. पाठीवर तपकिरी-काळ्यावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळं, पोटाखाली लालसर डाग. नराच्या पिवळ्या कपाळामागे लाल पट्टा, मादीला तो नाही. बाभूळ, बोर, शेताच्या धुऱ्यावरची एकटीदुकटी झाडं, अशा उघड्या रानाचा हा पक्षी. अमरावतीत पोहरा-मालखेडच्या बाजूला, अकोल्यात काटेपूर्णेकडे जाताना धुऱ्यावरच्या बाभळीकडे नजर ठेवली तर भेटतो. परसात क्वचित.

तिसरा छोटा, तपकिरी डोक्याचा, चिमणीएवढा सुतार. फांदीच्या पार टोकाला, पेन्सिलीएवढ्या काडीवर काम करतो, म्हणून नजरेतून सुटतो. मेळघाटात गेलात तर मानेवर पांढरा पट्टा मिरवणारा मोठा सुतारही दिसू शकेल, पण तो परसाचा पाहुणा नव्हे.

आणि हो, आपल्याकडे ज्याला सुतार म्हणून बोट दाखवलं जातं, त्यातला निम्मा वेळ तो हुदहुद असतो. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब बाकदार चोच, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि कवायतीच्या मैदानावर गवतात टोचत टोचत चाललेला. तुरा आणि चोच दिसली की सुतार, हा हिशेब चित्रकथांनी पक्का केला आहे. हुदहुद खोडावर चढून लाकूड फोडत नाही. दुसरा घोटाळा तांबटाचा. भर दुपारी झाडातून ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी घाव ऐकू येतो, तो लाकडावरचा नाही, कंठातला आहे. तांबटही वाळक्या फांदीला भोक पाडून घर करतो, त्यामुळे शेजारी शपथेवर सांगतात की आमच्याकडे सुतार आहे. पण तांबट फळखाऊ. पपईची फोड ठेवली तर तो येईल, वाळक्या खोडावरचे मुंगळे त्याच्या कामाचे नाहीत. हिवाळ्यात मानमोडी नावाचा राखी, सापासारखी मान वळवणारा पाहुणा येतो. कुळाने तो सुतारच, पण लाकूड कोरण्याची विद्या त्याच्याकडे नाही.

लोकांनी दिलेली नावं आणि शास्त्राची नावं यांचा हा गुंता सोडवण्याचं मोठं काम मारुती चितमपल्लींनी केलं. वनखात्याच्या नोकरीत मेळघाट, नवेगावबांध अशा रानांत राहून, वाटाड्यांकडून, आदिवासींकडून त्यांनी नावं गोळा केली, आणि ‘पक्षीकोश’ मराठीत आणला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. परसात पक्षी बघायला बसणाऱ्याच्या हाताशी दुर्बीण नसली तरी चालेल, हा कोश असावा.

आता ठोकण्याकडे येऊ. सगळी टकटक एक नसते. खाण्यासाठी ठोकतो तेव्हा आवाज तुटक येतो; दोन-चार घाव, थांबणं, मान तिरपी करून बघणं, पुन्हा एक घाव. घर कोरतो तेव्हा घाव सावकाश, एका जागी, आणि झाडाखाली ताजा पांढरट भुसा पडतो. तिसरी टकटक कामाची नाहीच, ती दवंडी आहे. सुताराला गाता येत नाही, म्हणून पोकळ, खणखणीत वाजणारी वाळकी फांदी निवडून तो तिच्यावर नगारा बडवतो. हा इलाखा माझा, आणि जोडीदारीण हवी, असे दोन्ही निरोप त्यात येतात. साधारण फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत त्यांचा विणीचा काळ, तेव्हा हा नगारा जास्त.

एवढं डोकं आपटून त्याला काही होत कसं नाही, हा मुलांचा प्रश्न. आयव्हन श्वाब आणि फिलिप मे या दोघा डॉक्टरांना सुताराचं डोकं का दुखत नाही हे सांगितल्याबद्दल २००६ चं इग नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं होतं. पुस्तकांत वर्षानुवर्षं छापत आले की कवटीत गादीसारखं स्पंजाचं हाड असतं, ते धक्का पिऊन टाकतं. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रण करून मोजलं, तेव्हा उलटंच निघालं. कवटी धक्का पीत नाही. चोच आणि डोकं मिळून एक घट्ट हातोडा होतो. आणि खरंच आहे, हातोड्याच्या तोंडाला उशी बांधली तर खिळा ठोकला जाईल का? पक्षी वाचतो तो मेंदू लहान आणि हलका असल्यामुळे. एवढ्याशा मेंदूला तो धक्का इजा होण्याइतका ठरत नाही. आमच्याकडच्या सुतारमिस्त्रींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘हे तर आमाले बी माहीत होतं. वाकसाचा दांडा ढिला असन तर घाव बसतच नाही.’’

वर ‘वाळकी फांदी’ हा शब्द तीनदा आला, तो मुद्दाम नाही, पण टाळताही आला नसता. सुताराचं ताट, नगारा आणि घर ही तिन्ही एकाच वाळक्या फांदीवर असतात. मेलेल्या लाकडात अळ्या-मुंगळे शिरतात म्हणून जेवण. ते पोकळ वाजतं म्हणून नगारा. ते मऊ होतं म्हणून पटाशीसारखी चोच त्यात चालते आणि ढोली तयार होते. घरामागचा गुलमोहर, मुंगणा (पुण्याकडे ज्याला शेवगा म्हणतात), सावर, ही मऊ लाकडाची झाडं त्याला फार सोयीची. तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडतो, पाऊस आत येऊ नये म्हणून. तीनेक पांढरीशुभ्र अंडी. अंधारात लपवायची काय गरज, म्हणून रंग नाही, ठिपके नाहीत.

विणीचं एक वर्ष झालं की सुतार सहसा नवं घर कोरतो. जुनी ढोली मग भाड्याने जाते, तीही फुकट. पोपट, साळुंकी, दयाळ, पिंगळा, सगळे ढोलीचे गरजू, पण यांच्यापैकी कुणालाही लाकूड कोरता येत नाही. पोपट तोंड थोडं कुरतडून मोठं करील, एवढंच. ढोलीची किंमत कळायची तर मेळघाटच्या रानपिंगळ्याकडे बघावं. १८८४ नंतर हा लहानसा पिंगळा कुणाला खात्रीने दिसला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला, आणि पुढे मेळघाटात त्याची बऱ्यापैकी वस्ती असल्याचं कळलं. तोही ढोलीतच घर करतो. ढोलीसाठी जुनं झाड लागतं, आणि जुन्या झाडाचा कुठला तरी भाग वाळलेला असतोच.

शहरात मात्र ‘वाळलं’ हा शब्द उच्चारला की झाडाचा निकाल लागला. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हिरव्या फांदीवर कुऱ्हाड पडली तर चार माणसं गोळा होतात, आणि वाळकी पाडली तर तेच चौघे म्हणतात, बरं झालं, काडीकचरा गेला. घराच्या छपरावर, विजेच्या तारेवर, रस्त्यावर लोंबणारी फांदी काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती खोडापासून साफ उतरवायची गरज नसते. चार-पाच फुटांचा खुंट ठेवला तर पडण्याची भीती जाते आणि सुताराचं दुकान चालू राहतं. पूर्ण उतरवावीच लागली तर तिचा मांडीएवढ्या जाडीचा तुकडा जिवंत झाडाच्या खोडाला, उभा, सुतळीने घट्ट बांधून बघा. साल सोलू नका. हाच आपल्या वऱ्हाडातला फीडर. मुंगळे यायला एक पावसाळा जातो. सुतार कधी येईल याचा भरवसा मी देत नाही. आमच्याकडे दुसऱ्या हिवाळ्यात आला.

पाण्याचं थोडं निराळं. उन्हाळ्यात सुतार पाण्यावर येतो, पण चिमणीसारखा भांड्याच्या काठावर उतरायला बिचकतो. त्याचे पाय खोडासाठी घडलेले. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि टेकायला ताठ पिसांची शेपटी, तिपाईचा तिसरा पाय. सपाट जागी तो अवघडतो. म्हणून पाण्याच्या भांड्यात किंवा भांड्याला लागून एक खडबडीत ओंडका उभा रोवावा. तो वरून ओंडक्यावर बसतो, शेपटी खाली ठेवून मागे मागे सरकत उतरतो, चोच बुडवतो आणि मान वर करतो. उतरताना त्याने कितीदा आजूबाजूला बघितलं ते मोजा. मांजर असलेल्या घरात जास्त.

आता कॅमेरा. आधी पैशांचं सांगून टाकतो. ३०० ते ४०० मिलीमीटरची लेन्स असली तर उत्तम, नसली तर ८ बाय ४२ च्या दुर्बिणीला मोबाइल टेकवून ओळख पटण्याइतका फोटो निघतो आणि परसातल्या नोंदीला तेवढा पुरे. खरी अडचण साधनांची नसून सुताराच्या खोडीची आहे. तो तुम्हाला बघतो आणि खोडाच्या पलीकडे सरकतो. तुम्ही फिरलात की तोही फिरतो. गोल गोल हा खेळ कितीही वेळ चालतो आणि त्यात माणूसच हरतो. उपाय दोन. एक, घरातल्या कुणाला तरी झाडाच्या पलीकडून शांतपणे चालत न्या. सुतार त्याच्यापासून लपायला तुमच्या बाजूला येतो. दुसरा उपाय सोपा, बसून राहणं. तो खोडाच्या बुंध्याशी उतरतो, ठोकत ठोकत वर चढतो, शेंड्याशी पोहोचला की लहरत, वरखाली होत उडतो आणि पुढच्या झाडाच्या खालच्या भागाला चिकटतो. हा क्रम लक्षात आला की लेन्स तो आहे तिथे रोखायची नाही. पुढच्या झाडाच्या बुंध्यावर नेम धरून ठेवायचा.

एका सकाळचं सांगतो. फेब्रुवारीचा शेवट, सव्वासात. आमच्या लिंबाची पानं पिवळी पडून गळत होती, आठ दिवसांत नवी लाल पालवी आली असती. वर्षात झाड उघडं असण्याचे तेवढेच दिवस. मी खाटेवर चादर पांघरून बसलो होतो. सोनपाठी मादी आली आणि पंधरा फुटांवरच्या वाळक्या खुंटाला लागली. आधी तिने सालीचा एक तुकडा चोच आडवी मारून उडवला. सरळ घाव घातला नाही, सुतार फळीचा पोपडा काढतो तसा. खाली मुंगळ्यांची पांढरी अंडी उघडी पडली. मग ती ठोकेनाच. मान पुढे, चोच फटीत, आणि गळ्याची पांढरी टिकली वरखाली, वरखाली. जीभ आत काम करत होती. दर सात-आठ सेकंदांनी डोकं बाहेर, एकदा डावीकडे बघणं, एकदा माझ्या चादरीकडे. दोन मुंगळे तिच्या कपाळावर चढले. तिने डोळे मिटले, डोक्याला एक झटका दिला आणि पुन्हा फटीत. चार मिनिटं. मी साठेक फोटो काढले, त्यांतले कामाचे तीन, आणि तिन्ही ती बाहेर डोकं काढून थांबली त्या क्षणाचे.

तेच गुपित आहे. घाव बसतानाचा फोटो घ्यायचा हट्ट धरला तर १/२००० शटरलाही डोकं पुसट येतं. घाव घालण्याआधी तो मान मागे ताणतो आणि निमिषभर थांबतो. तिथे बटण दाबावं. १/१००० पुरतं. सोन्यासारखी पाठ आणि काळा गळा एकाच चौकटीत असल्याने कॅमेरा गोंधळतो. काळ्याकडे बघून प्रकाश वाढवतो आणि पाठीवरचा पिवळा रंग पांढरा फटक पडतो. एक्स्पोजर थोडं उतरवून ठेवा. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा आणखी एक धडा मी फुकट शिकलो नाही. एप्रिलमध्ये नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरते, आणि लांब लेन्समधला प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. दोष लेन्सचा समजून मी ती दुरुस्तीला दिली होती.

ढोलीचा फोटो मात्र शेवटी, किंवा घेऊच नका. पालक चोचीत घास धरून शेजारच्या फांदीवर बसला आहे आणि आत शिरत नाही, याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. मोबाइलवर सुताराचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर विणीच्या दिवसांत निव्वळ छळ. तो बिचारा घर सोडून, नसलेल्या शत्रूला हुसकावत फिरतो. सुतार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा ढोलीत हात घालणं, पिल्लं काढणं हा गुन्हा आहे, हेही पोरांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

परसाबाहेर बघायचं असेल तर दोन जागा सहज जमणाऱ्या आहेत. अकोल्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा परिसर आणि अमरावतीला १९८३ मधलं संत गाडगेबाबा विद्यापीठ. दोन्हीकडे जुनी झाडं आहेत. दर फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. अमेरिकेत १९९८ पासून, भारतात २०१३ पासून, आणि आपल्याकडे महाविद्यालयांचे परिसरही त्यात मोजतात. किमान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे, जे दिसेल ते लिहायचं आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायचं, एवढीच अट. सुताराच्या विणीचा नगारा त्याच सुमाराला सुरू होत असल्याने तो यादीत सहसा येतो.

वरुड-मोर्शीकडचे संत्रा बागाईतदार सुताराबद्दल थोडे साशंक असतात. झाड पोखरतो म्हणतात. नीट बघा. संत्र्याच्या खोडावर जाळीत गुंफलेला भुसा लोंबताना दिसतो, ते साल खाणाऱ्या अळीचं काम, आणि सुतार त्या जागेवर येतो तो अळीसाठी. निरोगी, रसरशीत खोडात त्याला शोधण्यासारखं फारसं काही नसतं. बागेत तो जिथे जिथे ठोकतो ती झाडं एकदा जवळून तपासावीत, अळीचं भोक बहुधा सापडतं.

मृगाआधी फांद्या छाटायला माणूस येईलच. येण्याच्या आदल्या दिवशी, कोणती वाळकी फांदी ठेवायची तिला चुन्याची खूण करा, आणि छाटणी सुरू असताना घरी थांबा.